पाचातलं एक पान

जुन्या बाजारात दीडशे रुपयांना मिळालेलं एका फ्रेंच ताटलीचं चित्र भोंगवलीच्या घरी पोचलं. आजीनं त्याच्याकडे बघून एकच प्रश्न विचारला आणि तिथून ही शोधाशोध सुरू झाली.

मे महिन्यात घरी गेले, तेव्हा आमच्या जुन्या घराची कौलं उतरवलेली होती. पावसाच्या आधी स्लॅब टाकायचा म्हणून काकांची घाई चालली होती. भिंतीवरच्या सगळ्या तसबिरी ओसरीत एकावर एक रचून ठेवल्या होत्या. विठ्ठल-रखुमाई, शिवाजी महाराज, आजोबांचा पासपोर्टचा फोटो मोठा करून घेतलेला, आणि सगळ्यात खाली काच तडकलेली लक्ष्मी. ‘‘यातलं नवीन घरात काय लावायचं ते काढून ठेवा, बाकीचं भंगारवाल्याला,’’ काकांनी जाहीर केलं.

माझ्या सॅकमध्ये त्या दिवशी आणखी एक चित्र होतं. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये नीट ठेवलेलं.

पुण्यात कॉलेजला असणाऱ्यांना जुना बाजार सांगायला नको. बुधवारी आणि रविवारी कुंभारवेशीजवळ भरतो. जुनी घड्याळं, कुलपं, पितळी डबे, कॅमेरे, एका पायातले बूट, सगळं मिळतं. मी गेले होते टाइपरायटरवरच्या एका असाइनमेंटसाठी, आणि परत आले एक कागद घेऊन. जाडसर, कडेला पिवळा पडलेला कागद. त्याच्यावर एका पांढऱ्या ताटलीचं रंगीत चित्र. काठावर निळी झालर, ती टप्प्याटप्प्यानं मध्याकडे झुकत जाणारी, मधूनमधून विटकरी लाल रंगाचे ठिपके. वरच्या कोपऱ्यात पानाचा क्रमांक, खाली फ्रेंचमधली एक ओळ. फ्रेंच शिकणाऱ्या मैत्रिणीला फोटो पाठवला. तिनं वाचून सांगितलं, ‘‘रुआँ गावची फायॉन्स आहे.’’

विकणाऱ्या काकांकडे अशी पाच पानं होती. पाच वेगवेगळी भांडी. मी एकच घेतलं, कारण खिशात तेवढेच होते. पुढच्या रविवारी पुन्हा गेले, तेव्हा बाकीची चार गेलेली होती. ‘‘चार जणांनी नेली, एकेक करून,’’ ते म्हणाले.

हे सगळं मी ओसरीत बसून आजीला सांगितलं. तिनं चष्मा लावून कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला.

‘‘ही तर रांगोळीच की गं. मधनं फुटलेली,’’ ती म्हणाली. आणि मग, ‘‘कुनी केली ही ताटली? नाव न्हाई व्हय लिवलं त्यानं?’’

मला उत्तर देता आलं नाही. पत्रकारितेचं शिक्षण घेताना पहिल्याच आठवड्यात शिकवतात की बातमीत ‘कोण’ हवंच. माझ्या बातमीत तेच नव्हतं.

आतून लाल, बाहेरून पांढरी

आधी ताटलीचं बघू. आपल्याकडे बरणी असो, कप-बशी असो, चकाकणारं मातीचं भांडं दिसलं की आपण सरसकट ‘चिनीमाती’ म्हणतो. युरोपलाही नेमकं तेच वेड होतं. चीनहून येणारी पांढरीशुभ्र, पातळ भांडी सगळ्यांना हवी होती, पण ती बनवतात कशी हे अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथल्या कोणालाही जमलेलं नव्हतं. मग एक जुगाड चालायचा. साध्या मातीचं भांडं भाजायचं आणि त्यावर कथिलाची राख मिसळलेला काचेचा लेप द्यायचा. भट्टीतून निघालं की भांडं दुधासारखं पांढरं. आत मात्र साधी मातीच. ही विद्या इस्लामी देशांतून स्पेन-इटलीमार्गे फ्रान्सला पोचली. इटलीतल्या फाएन्झा या गावाच्या नावावरून तिला फायॉन्स म्हणू लागले.

यातली रंगवण्याची पायरी मला सगळ्यात भारी वाटली. लेप दिलेलं भांडं दुसऱ्यांदा भट्टीत जाण्याआधी त्याच्यावर ब्रशनं नक्षी काढायची. तेव्हा तो लेप कोरड्या पावडरसारखा असतो आणि ब्रशमधलं पाणी क्षणात पिऊन टाकतो. टीपकागदावर शाईनं चित्र काढण्यासारखंच ते. चुकलं तर खोडता येत नाही, ‘अन्डू’ नाही. शिवाय भट्टीची आच सोसणारे रंग मोजकेच. कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा, मँगनीजचा जांभळा, अँटिमनीचा पिवळा आणि लोखंडापासूनचा लाल. त्यातला लाल सगळ्यात नाठाळ. रुआँच्या कारागिरांनी तो साधला आणि निळ्याच्या जोडीला बसवला. काठाकडून मध्याकडे किरणांसारखी जाणारी ती झालर ही त्यांची ओळख. आजीला तिच्यात रांगोळी दिसली, ती उगाच नाही.

रुआँमध्ये सतराव्या शतकात हा धंदा उभा राहिला, पण त्याचं नशीब फळफळलं ते युद्धामुळे. १७०९ मध्ये चौदाव्या लुईची तिजोरी लढायांनी रिकामी झाली. चांदीची ताटं-वाट्या वितळवून नाणी पाडायला पाठवा, असं फर्मान निघालं. सरदारांच्या पंगतीत मग चांदीच्या जागी फायॉन्स आली. रुआँ, नव्हेर, मुस्तिए, स्ट्रासबर्ग, गावागावांच्या भट्ट्या धडाडू लागल्या.

उतरती कळाही अशीच बाहेरून आली. १७८६ मध्ये फ्रान्सनं इंग्लंडशी व्यापार करार केला. इंग्लंडची हलकी, टिकाऊ आणि स्वस्त भांडी बाजारात ओतली गेली. पाठोपाठ क्रांती झाली. शतक संपता संपता रुआँच्या बहुतेक भट्ट्या विझल्या होत्या.

आणि मग, नेहमी होतं तसं, वस्तू बनायची थांबल्यावर तिची किंमत कळली. एकोणिसाव्या शतकात हौशी लोक खेड्यापाड्यांतून या ताटल्या गोळा करू लागले. त्यांना त्या कागदावर उतरवायच्या होत्या, आणि रंगासकट. कृष्णधवल फोटोत निळा आणि लाल हे रंग कळत नाहीत. तिथे उपयोगी पडला दगड.

एका रंगाला एक दगड

आपल्याकडच्या जुन्या पोथ्यांवर ‘शिळाछाप’ हा शब्द पाहिला असेल. तेच तंत्र. अठराव्या शतकाच्या शेवटी बव्हेरियात अलॉइस झेनेफेल्डर यानं शोधलेलं. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, वर तेलकट शाईचा रूळ फिरवायचा. पाणी आणि तेल एकमेकांना जवळ करत नाहीत, त्यामुळे शाई फक्त रेघांवर बसते. त्यावर कागद दाबला की छाप तयार.

१८३७ मध्ये गोदफ्रुआ एंगेलमान यानं यातच रंगीत छपाईचं पेटंट घेतलं. तत्त्व सोपं, काम जीवघेणं. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. निळ्या दगडावर फक्त निळा भाग काढायचा, लालवर फक्त लाल, तोही उलटा, आरशातल्यासारखा. मग तोच कागद एकेका दगडावरून जायचा, दहा वेळा, पंधरा वेळा, कधी त्याहून जास्त. एकदा जरी केसभर सरकला तरी चित्र बिघडलं. माझ्या पानावर एका ठिकाणी लाल ठिपका निळ्या रेघेच्या किंचित बाहेर गेलाय. आधी मला तो दोष वाटला. आता तीच माझी सगळ्यात आवडती जागा आहे. तिथे कोणाचा तरी हात दिसतो.

अशा चित्रांचे मोठाले ग्रंथ निघाले. आंद्रे पॉतिए यांचा रुआँच्या फायॉन्सचा इतिहास त्यांच्या मृत्यूनंतर १८७० मध्ये छापला गेला. त्यात ६० रंगीत पानं आहेत आणि ती एमिली पॉतिए या बाईंच्या रेखाटनांवरून केलेली आहेत. पुस्तकाच्या पहिल्या पानावर तिचं नाव आहे, हे वाचून मी आजीला लगेच फोन केला. पुढच्या काही वर्षांत रिस-पाको या लेखकाचा फायॉन्सवरचा ग्रंथ आला. त्यात २०० रंगीत पानं होती आणि त्यासोबत १४०० खुणा आणि आद्याक्षरं. भांड्याच्या बुडाशी कारागीर किंवा कारखाना जी बारीकशी खूण करतो, तिची ही यादी. म्हणजे आजीचा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी तिकडेही कोणाला तरी पडला होता!

आजीला याचं कौतुक वाटलं, पण थोडंच. ‘‘आमाला खून कशाला लागती? संक्रांतीची सुगडं कुनी आनून दिली ते सगळ्या गावाला ठावं असायचं. नीट भाजली न्हाईत तर त्याच्या दारात जाऊन सांगायचं,’’ ती म्हणाली. मी हे डायरीत लिहून ठेवलं. भांडं गावातच राहिलं तर बनवणाऱ्याचं नाव भांड्यावर लागत नाही, ते माणसांच्या तोंडी असतं. भांडं गावाबाहेर गेलं की खूण लागते. आणि भांड्याचं नुसतं चित्रच उरलं, तर चित्राखालची ती एक ओळ.

मुंबईची भांडी, अजिंठ्याचे रंग

हे सगळं सातासमुद्रापार घडलं असं वाटत असेल, तर भायखळ्याला जा. राणीबागेच्या दाराशी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलेलं. तिथल्या संग्रहात ‘बॉम्बे पॉटरी’ आहे. निळी, हिरवी, तपकिरी चकाकणारी मातीची भांडी. ही सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची देण. शाळा १८५७ मध्ये सुरू झाली. पुढे तिचे प्रमुख जॉर्ज टेरी यांनी तिथे कुंभारकामाचा विभाग काढला. झिलईची रीत सिंधच्या कुंभारांकडून घेतली आणि त्यावर नक्षी आली ती थेट अजिंठ्याच्या भिंतींवरून.

अजिंठ्याची नक्षी मुंबईच्या बरणीवर आली कशी? १८७२ पासून १८८५ पर्यंत जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जायचे. लेण्यांच्या अंधारात उभं राहून ही मुलं भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करायची. पेस्तनजी बोमनजी हे त्यांच्यातलं पुढे नावारूपाला आलेलं नाव. बाकीचे बरेचसे आपल्याला फक्त ‘विद्यार्थी’ म्हणून माहीत आहेत. वयानं साधारण तुमच्या-माझ्याएवढेच असतील.

त्या नकला लंडनला पाठवल्या गेल्या. १८८५ मध्ये तिथे साउथ केन्सिंग्टनला आग लागली आणि त्यातल्या कितीतरी जळून गेल्या. तेरा वर्षांची मेहनत. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या नकलाही १८६६ मध्ये लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या.

पण ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये दोन मोठे खंड छापले. त्यांत रंगीत शिळाछापाची पानं होती. मूळ भिंतीवरचा रंग आणखी उडत गेला, कॅनव्हास जळाले, आणि त्या काळी अजिंठा कसा दिसत होता याचा एक पुरावा छापील पानांवर उरला. तेव्हा ‘ही तर फक्त छापील कॉपी आहे’ असं म्हणण्याआधी थांबा. कधी कधी कॉपीच मागे राहते.

आपल्या जवळचं उदाहरण हवंय? लोणावळ्याच्या लोकलनं मळवलीला उतरून भाजे लेणी किंवा लोहगडला सगळेच गेलेले असतात. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेला छापखाना काही वर्षांनी याच मळवलीत आला. जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यानं पुढे तो विकत घेतला. एका रंगाला एक दगड, हाच तिथलाही खाक्या. त्याच्याही आधी, १८७८ मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात चित्रशाळा सुरू करून रंगीत चित्रं घरोघरी पोचवायला घेतली होती. मळवलीचा छापखाना १९७२ मध्ये आगीत गेला. तिथून निघालेली लक्ष्मी-सरस्वती मात्र अजून कित्येक घरांच्या भिंतींवर आहे. ज्यांनी दगडावर ती उलटी उतरवली, त्यांची नावं बहुतेक चित्रांवर नाहीत.

कात्री कोणाची?

आता माझ्या पानाकडे परत येते, कारण इथे मला जरा टोचलं.

माझ्या पानाची डावी कड बाकीच्या तीन कडांसारखी नाही. ती किंचित वाकडी आहे, आणि तिथे शिवणीची दोन भोकं आहेत. म्हणजे हे पान पुस्तकातून कापलेलं आहे. कोणी कापलं, कुठे, कधी, हे पान सांगत नाही. विकणाऱ्या काकांकडे तर ते सुटंच आलं होतं. पण हा जगभर चालणारा धंदा आहे. जुना सचित्र ग्रंथ अख्खा विकायचा तर गिऱ्हाईक शोधत बसावं लागतं. पानं सुटी केली की दिवाणखान्यात लावायला प्रत्येक पानाला वेगळं गिऱ्हाईक मिळतं. ‘अँटिक प्रिंट’ म्हणून फ्रेममध्ये लटकणाऱ्या कितीतरी चित्रांमागे असं मोडलेलं पुस्तक असतं.

पुस्तक मोडलं की काय जातं? पानामागचा मजकूर जातो. हे भांडं कुठे सापडलं, कोणाकडे होतं, बुडाशी कोणती खूण होती, हे सगळं शेजारच्या पानावर लिहिलेलं असतं. रेखाटणाऱ्या बाईचं नाव पहिल्या पानावर असतं आणि ते पान कोणी विकत घेत नाही, कारण त्याच्यावर ताटली नसते. आजीच्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात होतं. कात्रीनं तेवढंच बाजूला केलं.

उलटी बाजूही आहे, ती लपवत नाही. ते पान दीडशेला सुटं मिळालं नसतं, तर रुआँ हे नाव मी कधी ऐकलंच नसतं. अख्खा ग्रंथ माझ्या कुवतीत नाही. मोडलेल्या पुस्तकातली पानं रद्दीत जाण्यापेक्षा कोणाच्या तरी घरी गेली हेही खरं. पण मागणी आहे म्हणून कात्री चालते, आणि त्या मागणीत माझेही दीडशे रुपये आहेत. हे पान मी ऑनलाइन विकावं, तिप्पट येतील, असं एका मित्रानं सुचवलं. सोबत, ‘‘अजून सुटी पानं कुठे मिळतात बघ ना.’’ तो विषय मी तिथेच थांबवला.

घरी जुनी तसबीर असेल तर

काच काढण्याआधी पुढून आणि मागून फोटो काढा. मागच्या पुठ्ठ्यावर फ्रेमवाल्याचं लेबल, तारीख, आहेराचं नाव असू शकतं.

साध्या भिंगातून बघा. शिळाछापात हातानं दिलेले, लहानमोठे, वेडेवाकडे ठिपके किंवा खडूची दाणेदार रेघ दिसते. हल्लीच्या छपाईत ठिपके एकसारखे, जाळीसारखे रांगेत असतात.

चित्राखालची बारीक अक्षरं शोधा. छापखान्याचं नाव, गाव, कधी कधी चित्रकाराचं नाव तिथेच असतं. नवीन फ्रेममध्ये बसावं म्हणून समास कापून देण्याची पद्धत आहे. दुकानात आधीच स्पष्ट सांगा, ‘‘कागदाला कात्री लावायची नाही.’’

सेलोटेप, फेव्हिकॉल, लॅमिनेशन, तिन्ही नको. कागद काचेला चिकटला असेल तर ओढू नका. ओल्या फडक्यानं पुसू नका. थेट उन्हात आणि ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नका.

पुस्तकातलं पान असेल तर त्याचा क्रमांक आणि खालची ओळ टाइप करून शोधा. जुन्या ग्रंथांच्या स्कॅन केलेल्या प्रती अनेक ग्रंथालयांनी मोफत ठेवल्या आहेत. सुटं पान पुन्हा शिवता येत नसलं, तरी त्याचा शेजार सापडू शकतो.

मागच्या बाजूला

त्या दिवशी ओसरीत आम्ही तडकलेल्या काचेची लक्ष्मी उघडली. मागचा पुठ्ठा वाळवीनं अर्धा खाल्लेला. कागद मात्र शाबूत. खालच्या समासात, फ्रेमच्या पट्टीखाली इतकी वर्षं झाकली गेलेली एक ओळ होती. रवि वर्मा प्रेस, मळवली.

‘‘म्हंजी लोणावळ्याची व्हय ही?’’ आजी म्हणाली. तिला ती लक्ष्मी पंढरपूरची वाटत होती, कारण सासूबाईंनी वारीहून येताना आणली असं घरात सांगायचे. कदाचित दोन्ही खरं असेल. छापली मळवलीत, घेतली पंढरपुरात, आणि आली भोंगवलीला.

काकांनी ओळ वाचली, मोबाइलवर फोटो काढला आणि काही न बोलता ती तसबीर भंगाराच्या ढिगातून बाजूला ठेवली. नवीन काचेचे पैसेही त्यांनीच दिले.

नवा पुठ्ठा लावण्याआधी आजीनं मला पेन्सिल आणायला लावली. ‘‘लिव मागं,’’ ती म्हणाली, आणि तिनं सांगितलं तसं मी पुठ्ठ्यावर लिहिलं. कोणी आणली, कुठून आणली, कोणत्या भिंतीवर होती, घर कधी उतरवलं. शेवटी माझं नाव. ‘‘आन् फुडं कुनी इचारलं तर?’’ ‘‘वाचतील की, आजी.’’

फ्रेंच ताटली मी फ्रेम केली नाही. ती पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये आहे. फोल्डरवर पानाचा क्रमांक लिहिलाय, रुआँ लिहिलंय, आणि त्याखाली, ‘पाचातलं एक. बाकीची चार पुण्यात कोणाकडे तरी.’

तुमच्या ओळखीत कोणी गेल्या काही महिन्यांत जुन्या बाजारातून फुलदाणीचं, सुरईचं किंवा ताटलीचं असं पान आणलं असेल, तर त्याच्या कोपऱ्यातला क्रमांक तेवढा मला कळवा. विकत नकोय. फक्त शेजारी शेजारी ठेवून एक फोटो काढायचाय.